रायवळाची बरणी

रत्नागिरीत हापूसचं लोणचं सहसा कोणी मुद्दाम घालत नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते चकित होतात. ज्या गावाचं नाव काढलं की पुढचा शब्द हापूस, त्या गावात वर्षाच्या बरणीसाठी बायका रायवळ कैरी शोधत फिरतात! वाऱ्याने पडलेल्या हापूसच्या कैऱ्याही कोणी टाकून देत नाही. त्यांचं पन्हं होतं, तक्कू होतो, आंबोशी वाळत पडते, चार-आठ दिवसांत संपवायचं ताजं लोणचंही होतं. पण वर्षभर टिकवायचं म्हटलं की हापूस मागे सरतो. त्याचा गर मऊ आणि बिनरेषेचा. पिकल्यावर जे त्याचं भूषण, तेच खारात पडल्यावर त्याला भोवतं. श्रावण सरेपर्यंत फोडीचा लगदा व्हायला लागतो. रायवळ राकट. साल जाड, रेषा दणकट, आंबटपणा असा की नुसत्या आठवणीनेही तोंडाला पाणी सुटावं. त्याची फोड पुढच्या शिमग्यालाही दाताखाली वाजते.

रायवळ म्हणजे बाठ्यापासून आपसूक उगवलेला आंबा. हापूस कलमाचा. एका झाडाची काडी घेऊन दुसरं, दुसऱ्याची घेऊन तिसरं, अशी ती वाढत गेली. मातीचा, खाऱ्या वाऱ्याचा थोडा फरक सोडला तर पावसच्या हापूसमध्ये आणि गणपतीपुळ्याच्या हापूसमध्ये एकच रक्त आहे. रायवळाचा बाठा मात्र परागाबरोबर कुठल्या झाडाचं काय घेऊन येईल ते सांगता येत नाही. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक रायवळ ही एकट्याची जात असते. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हाला सगळ्यांना आनंद झाला, आणि तो रास्तच होता. पण रायवळांची नावं कुठल्याच सरकारी कागदावर नाहीत. ती घराघरांत आहेत. ज्याला शेपूसारखा वास तो शेप्या, पातळ रसाचा आणि चोखून खायचा तो बिटका, आणि ज्यांना गुणावरून नाव पडलं नाही ते जागेवरून ओळखायचे: पाखाडीवरचा, विहिरीवरचा, गडग्यापलीकडचा. माझ्या माहेरी गोळपच्या बाजूला, आगराच्या वरच्या अंगाला एक झाड आहे. त्याला सगळे ‘लोणच्याचा’ म्हणतात. पिकल्यावर त्याचा आंबा कोणी हातात धरत नाही, इतका तो आंबट आणि रेषाळ. तरी ते झाड आजवर कोणी तोडलं नाही, कारण घरातल्या साऱ्या बरण्या त्याच्यावर भरायच्या.

लोणच्याचं यश कृतीत असतं असं आपण समजतो. प्रमाण लिहून घेतो, मसाला कुठल्या दुकानातला ते विचारतो. माझ्याकडे लक्ष्मीबाई धुरंधरांचं 1910 सालचं ‘गृहिणी-मित्र’ पुढच्या एका आवृत्तीत आहे, कमलाबाई ओगल्यांचं 1970 सालचं ‘रुचिरा’ आहे, आणि दोन्ही पुस्तकांबद्दल मला मनापासून आदर आहे. परगावी संसार मांडलेल्या कितीतरी मुलींना सासू-आई जवळ नसताना त्यांनी हात धरून शिकवलं. पण पुस्तक नागपुरातही वाचलं जातं आणि बेळगावातही. त्यात नुसतं ‘कैऱ्या’ लिहावं लागतं. कुठल्या झाडाच्या, हे त्यात येऊ शकत नाही. आणि माझ्या मते लोणचं आधी झाडाचं असतं, मग हाताचं, आणि प्रमाण त्यानंतर.

हे मला पटलं ते सासरी आल्यावर. माहेरचंच तिखट, माहेरचीच मोहरी, प्रमाण आईनेच सांगितलेलं, आणि कैऱ्या शहरातल्या बाजारातून घेतलेल्या, चांगल्या टणक. लोणचं उत्तम झालं, घरी सगळ्यांनी वाखाणलं. पण ते माहेरचं नव्हतं. माहेरच्या लोणच्याला फोड चावून झाल्यावर शेवटी एक कडवट-गोडसर चव येते. ती मेथीची असं मी लहानपणापासून समजत होते. ती मेथीची नव्हे, त्या झाडाच्या सालीची आहे.

आगोट हा शब्द आता शहरी मराठीत फारसा ऐकू येत नाही, पण रत्नागिरीत मे महिन्यात अजूनही तोंडोतोंडी असतो. पावसाआधीची बेगमी ती आगोट. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पूर्वी पाऊस लागला की किनाऱ्यावरची बोट बंद व्हायची, घाटातले रस्ते बेभरवशाचे, बाजारात भाजी नाही. समुद्रही बंद. आजदेखील 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदीच असते. मग जे घरात साठवलंय तेच ताटात. मिरकरवाड्यात सोडे, सुकट, खारे बांगडे, आणि आमच्याकडे कुळीथ, आमसुलं, फणसाचे खारातले गरे, मातीत ठेवलेल्या आठळ्या, आंबोशी, आणि ओळीने लोणच्याच्या बरण्या. एकाच मिठाने एकाच पावसाशी दोन हात करायचे. जातीपातीप्रमाणे जिन्नस बदलायचा, रीत तीच.

मिठाचं नाव निघालं म्हणून सांगते. 1930 साली मिठाचा सत्याग्रह म्हटलं की सगळ्यांना दांडी आठवते, पण त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याच्या मिठागरांवरही त्याच वर्षी मे महिन्यात मोठा सत्याग्रह झाला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. शाळेत हे वाचलं तेव्हा तो राजकारणाचा धडा वाटला होता. आगोटीच्या दिवसांत खडे मीठ भाजून, कुटून, परातीत थंड करत ठेवलं की त्याचा दुसरा अर्थ लागतो. ज्या मुलखाचे चार महिने मिठावर निभतात, तिथे मिठावरचा कर म्हणजे सरकारने प्रत्येक घराच्या कोठीच्या खोलीत घातलेला हात. मे महिना म्हणजे तर आमच्याकडे घरोघर मीठ लागण्याचा महिना.

लोणच्याच्या कैरीने कोय धरलेली हवी. कोवळी कैरी घेतली तर फोडीला बाठ्याचा आधार राहत नाही. पाडाला लागलेली घेतली तर आंबटपणा उतरलेला असतो. हा मधला काळ फार थोडा असतो, आणि प्रत्येक झाडाचा वेगळा. आमच्या लोणच्याच्या झाडाचा तो रोहिणी लागायच्या सुमारास येतो. कैरी झेल्याने उतरवायची, खाली पाडायची नाही. पडलेल्या कैरीला बाहेरून काही दिसत नाही, पण आत मार बसलेला असतो आणि तिथूनच लोणचं बिघडायला सुरुवात होते. धुऊन, पंचाने कोरडी करून, मग अडकित्ता. हा अडकित्ता सुपारीचा नव्हे. लाकडी फळीवर बसवलेलं जाड पातं, लांब दांडा, आणि दाबला की कोयीसकट कैरी दुभंगताना होणारा तो आवाज. ‘खट्’ करून एकदम फुटली तर कैरी बरोबर निवडली. कचकचत फुटली तर कोय अजून जून झालेली नाही. आईला स्वयंपाकघरात बसून पडवीतल्या अडकित्त्याचा आवाज ऐकून कळायचं. “ती वेगळी काढ गो, तिचं मेथांबं करू,” असं आतूनच सांगायची.

फोडींना मीठ-हळद चोळून रात्रभर ठेवायचं. सकाळी परातीत पाणी जमलेलं असतं. या पाण्यावरच सगळं अवलंबून आहे. मीठ फोडीतलं पाणी बाहेर ओढतं, आणि पाणी नाही तिथे नासवणाऱ्या जंतूंचं काही चालत नाही. कैरीचा आंबटपणा ही दुसरी राखण. वर तेलाचा थर आला की हवा तुटते आणि बुरशीचा रस्ता बंद होतो. म्हणून मीठ कमी करू नये. आरोग्याच्या नावाखाली हल्ली निम्म्या मिठाची लोणची सुचवतात. ती फ्रीजमध्ये ठेवून पंधरा दिवसांत खायची कोशिंबीर आहे, तिला लोणचं म्हणणं मला पटत नाही. ज्याला मीठ कमी खायचंय त्याने लोणच्याची फोड लहान घ्यावी. किलोभर फोडींना दीडशे-दोनशे ग्रॅमच्या खाली मीठ आमच्या घरात कधी गेलं नाही.

तिखटात बेडगी रंगासाठी आणि लवंगी झोंबण्यासाठी. हिंगाचा खडा तेलात तळून फुलवायचा आणि कुटायचा, मेथ्या तांबूस होईपर्यंत तळायच्या. काळ्या पडल्या तर सगळं लोणचं कडू. तेल धूर येईपर्यंत तापवून पूर्ण गार करायचं. बरणी उन्हात तापवून, निखाऱ्यावर हिंगाची पूड टाकून त्यावर उपडी धरायची. ती धुरी बरणीत कोंडली की तळाला मीठ, मग फोडी, मग वर पुन्हा मीठ, शेवटी तेल. तोंडावर धुवट फडक्याचा दादरा. दादरा बांधायची गाठसुद्धा घराघराची वेगळी असते. आमची गाठ सुटायला हवी तेव्हाच सुटते.

मोहरीबद्दल मात्र मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण लोणच्यातली सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट मला तीच वाटते. कोरडी मोहरी कुटा, पूड नाकाजवळ न्या, विशेष काही नाही. थोडं गार पाणी घालून पाट्यावर किंवा खलात घोटायला लागा, आणि काही क्षणांत ती फेसते, फिकट पिवळी होते, फुलते, आणि एक झणका थेट टाळूत जातो, डोळ्यांतून पाणी काढतो. मोहरीत दोन द्रव्यं वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा फुटून पाणी लागलं की ती एकत्र येतात आणि तेव्हाच तो तिखटपणा जन्माला येतो. आधी तो दाण्यात नसतोच. उकळतं पाणी घातलं तर त्यांतलं एक द्रव्य मरून जातं आणि मोहरी नुसती कडवट राहते. माझ्या आजीने यातला एक शब्दही वाचलेला नव्हता. पण मोहरी फेसायला पाणी माठातलंच हवं, तांब्याभर नको, चमच्याचमच्याने हवं, आणि फेसताना गप्पा नकोत, हे तिचे नियम होते आणि ते तंतोतंत बरोबर होते. “चढली गो मोहरी,” असं ती म्हणायची, तेव्हा माजघरापर्यंत सगळ्यांना कळलेलंच असायचं.

ही फेसलेली मोहरी लागते ती उकडांब्यांना. कैरीच्या फोडींचं लोणचं महाराष्ट्रात कुठेही मिळेल. उकडांबा मात्र आमचा, कोकणचा. हंगामाच्या अगदी शेवटी, पहिला पाऊस एक-दोनदा येऊन गेल्यावर, रायवळाचे लहान-लहान आंबे पिकून खाली पडायला लागतात. मोठ्या घरात ते इतके होतात की मुलं खाऊन कंटाळतात. त्यातले मुठीत मावतील असे, न फुटलेले, देठाशी घट्ट आंबे निवडायचे आणि सालीसकट उकडायचे. किती, हे घड्याळ सांगत नाही. सालीचा रंग मावळतो, बोट लावलं तर दबतो पण साल फाटत नाही, तेवढं. ते पूर्ण गार करून, पुसून बरणीत रचायचे. गूळ, मीठ, तिखट, हळद, तळलेल्या मेथीची पूड आणि फेसलेली मोहरी उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून तो खार वरून ओतायचा, आंबे बुडतील असा. तरंगू लागले तर वर एक स्वच्छ घासलेला दगड. आमच्याकडे त्यासाठी समुद्रावरून आणलेला एक गुळगुळीत काळा गोटा आहे, तो वर्षभर फडताळात याच कामासाठी ठेवलेला असतो.

मग बरणीला हात लावायचा नाही. आषाढात नाहीच. श्रावणात, बाहेर दिवस-दिवस पाऊस कोसळत असताना, भिंतींना ओल आलेली, कपडे वाळत नाहीत, आणि ताटात गरम मऊ भात. त्यावर एक उकडांबा घ्यायचा आणि हातानेच कुस्करायचा. साल फुटते, आतला गर गोड, आंबट, तिखट, आणि मागून मोहरीचा झणका, पण आता पहिल्या दिवसासारखा आक्रस्ताळा नाही, मुरून शहाणा झालेला. भात सगळा पिवळा होतो. शेवटी बाठा चोखत बसायचं, आणि याला घरात वय आडवं येत नाही. माझे आजोबा एरवी जेवताना एक शीत खाली सांडू द्यायचे नाहीत. उकडांब्याच्या दिवशी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळ असायचा आणि त्यांना कोणी काही बोलायचं नाही. हापूसचा उकडांबा करून पाहिलेले लोक आहेत. फार गोड होतो, आणि चोखायला रेषाच नाही.

बरणीशी जोडलेली एक गोष्ट मला अजूनही सलते. महिन्याच्या चार दिवसांत बाईने लोणच्याला शिवायचं नाही, शिवलं तर बुरा येतो, ही समजूत आमच्या घरात होती, शेजारी होती, सगळीकडे होती. ज्या बाईने कैऱ्या निवडल्या, मोहरी फेसली, आठ दिवस कंबर मोडून बरण्या भरल्या, तिनेच दारातून पाहायचं आणि लहान मुलाला सांगायचं, “जा रे, एक फोड आण.” कोणी म्हणतात, त्या निमित्ताने बायकांना विश्रांती मिळायची. मी ती विश्रांती जवळून पाहिली आहे. धुणी-भांडी, उष्टी-खरकटी, गोठा, यातलं काही चुकत नव्हतं, फक्त बरणी चुकत होती. लोणचं बिघडतं ते ओल्या चमच्याने, कमी मिठाने, फोडी तेलाच्या वर उघड्या राहिल्याने. आमच्या घरात हे माझ्या आईनेच मोडलं, आणि तेही वाद न घालता. एका आषाढात ती सरळ उठली, हात कोरडे केले, दादरा सोडला, फोडी काढल्या आणि पुन्हा बांधला. आजी बघत होती. त्या वर्षीचं लोणचं दुसऱ्या आगोटीपर्यंत जसंच्या तसं राहिलं. पुढे आजीने तो विषय कधी काढला नाही. माझ्या मुलीला असलं काही होतं हेसुद्धा मला समजावून सांगावं लागलं, आणि ते सांगताना मला फार बरं वाटलं.

रत्नागिरीच्या लोणच्यांची यादी करायला बसले तर संपायची नाही, आणि सगळ्यांत माझा जीव सारखा गुंतलेलाही नाही. कच्च्या करवंदांचं मोहरी लावून, बिंबलांचं, आंबाड्यांचं, आंबेहळदीचं, फणसाच्या कुयरीचं, उपासाला चालणारं लिंबाचं गोड. हिरव्या मिरीचे घोस लिंबाच्या रसात टाकतात ते मात्र खास. मिरीवेल सुपारीवर चढलेला असतो, घोस कोवळे असताना काढायचे, आणि मीठ-लिंबात घोसासकट मुरवायचे. एका दाण्याने दहीभाताचं ताट जागं होतं. कोळंबीचं, सुरमईचं लोणचंही इथे उत्तम करतात. मी ते खात नाही, पण त्याच्या वासावरून ते घालणाऱ्या हाताचा अंदाज मला येतो.

या बरण्या मुंबईला जायच्या, आजही जातात. कोकणातल्या घराचा एक पाय पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत. चाकरमानी मे महिन्यात गावी यायचे ते जाताना आगोट घेऊनच जायचे. आधी बोटीने, मग एसटीने, 1998 पासून कोकण रेल्वेने. चिनी मातीची बरणी गोणपाटात गुंडाळून पायांमध्ये धरून बसलेली माणसं मी डब्यात पाहिली आहेत. ज्यांना गावाकडून बरणी यायची नाही त्यांच्यासाठी शहरातच कोणीतरी हे काम हाती घेणं भाग होतं. 1910 साली गिरगावात विश्वनाथ परशुराम बेडेकरांनी दुकान काढलं आणि पुढे बेडेकर लोणचं घराघरांत गेलं. रत्नागिरीत ‘योजक’सारख्या उद्योगांनी कोकमापासून लोणच्यापर्यंत कोकणचा जिन्नस बाहेर पोचवला, गावोगावचे महिला बचत गट आज तेच करतात, आणि त्यावर कितीतरी घरांच्या शाळेच्या फिया भरल्या जातात. विकतच्या लोणच्याला नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला, एकट्या म्हाताऱ्या माणसाला तो मोठा आधार आहे. पण विकायचं तर प्रत्येक बाटली सारखी लागायला हवी, ही त्या धंद्याची अटच आहे. म्हणून कैरी ढिगाने घ्यावी लागते, पाच-पन्नास झाडांची एकत्र. जे आंबट कमी पडेल ते वरून घातलेलं आम्ल भरून काढतं. कुठलं एक झाड त्यात बोलत नाही.

आणि झाडं कमी होताहेत, याची मला खरी काळजी आहे. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला आलं, दापोली-मंडणगडकडे बागाच्या बागा आडव्या झाल्या. वर्षभराने, मे 2021 मध्ये तौक्ते आलं आणि अंगणात, रस्त्यात, पऱ्ह्यात कैऱ्यांचा खच पडला. बागायतदारांचं नुकसान छापून आलं, आणि यायलाच हवं होतं. हापूसची कलमं पुन्हा लागली. पण त्या दोन वादळांत उन्मळून पडलेल्या जुन्या रायवळांची मोजदाद कोणी केली असेल असं वाटत नाही. मुंबई-गोवा महामार्ग रुंद करताना रस्त्याकडेचे कितीतरी जुने वृक्ष गेले, त्यात रायवळ किती होते ते त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं आहे. आणि वादळ नको, रस्ता नको, नुसता हिशेबही पुरतो. रायवळ उंच वाढतो, सावली धरतो, आणि त्याच्या आंब्याला बाजारभाव नाही. तिथे हापूसची चार कलमं बसतात. बागायतदार काही चुकीचं सांगत नाही. त्याला घर चालवायचं आहे.

यावर संशोधकांनी विचार केलेला नाही असंही नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांचा संकर करून ‘कोकण रुची’ ही खास लोणच्यासाठीची जात काढली. फळ मोठं, गर जाड, आंबटपणा चांगला. लोणच्याकरता स्वतंत्र आंबा हवा हे कृषी विद्यापीठाने ओळखलं याचा मला आनंद आहे, आणि ज्यांच्याकडे जुनं झाड उरलेलंच नाही त्यांनी ती जरूर लावावी. पण तीसुद्धा कलमाचीच, सगळीकडे एकच. माझ्या माहेरची सालीची कडवट-गोड चव तिच्यात कुठून येणार?

आमचं ते झाड आता माझ्या चुलतभावाच्या वाट्याला आलं आहे. गेल्या वर्षी तो म्हणाला, “ताई, ते काढून तिथे कलमं लावतो. खाली सावली पडून दुसरं काही धरत नाही.” मी त्याला दोष दिला नाही. मी त्याला घरी जेवायला बोलावलं आणि ताटात दोन लोणची वाढली, एक बाजारच्या कैरीचं, एक त्या झाडाचं, दोन्हींत मसाला एकच. कुठलं कुठलं ते सांगितलं नाही. त्याने एका घासात ओळखलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “हे आईचं ना?” काकू जाऊन काही वर्षं झाली. लोणचं मी घातलेलं होतं.

झाड तोडणं तूर्त थांबलं आहे. पण चुलतभावाच्या ‘तूर्त’वर विसंबून राहायला मी तयार नाही. आमच्या भागात कोय कलमं करणारा एक गृहस्थ आहे. पावसाच्या सुरुवातीला तो रायवळाचे बाठे गोळा करतो, मातीत रुजवतो, कोंब अंगठ्याएवढा लालसर वर आला की कापून त्यात हापूसची काडी बसवतो. हापूसचं प्रत्येक कलम असं रायवळाच्या मुळावर उभं असतं, हे किती जणांना ठाऊक असेल? त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, बाठा तुमचा, काडी माझी, लोणच्याच्या झाडाची. त्याने मान वर करून पाहिलं. “रायवळावर रायवळ? पैसे कशाला घालवताय वहिनी? असला आंबा बाठा टाकला की फुकट उगवतो.” मी सांगितलं की उगवतो तो दुसरा असतो, मला हाच हवा. त्याला ते लगेच पटलं, कारण हे त्याच्याइतकं कोणाला कळणार!

काडी कधी आणायची ते त्याने नीट समजावून दिलं: फळ न लागलेल्या फांदीची, शेंड्याचा डोळा फुगलेली पण फुटलेली नाही अशी, पानं दहा दिवस आधी देठापासून छाटून ठेवायची, कापल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी आणायची. सगळी कलमं जगत नाहीत, म्हणून काड्या जास्त आणा म्हणाला. जास्तच आणणार आहे. एक कलम आमच्या अंगणात, एक माझ्या मुलीला चिपळूणला, एक चुलतभावालाच, गडग्याच्या कडेला, जिथे त्याच्या हापूसवर सावली पडणार नाही. धरायला चार-पाच वर्षं तरी लागतील. तोवर जुन्या झाडाखाली रोहिणी नक्षत्रात झेला घेऊन मी उभी आहेच. आणि मागच्या आळीतल्या फातिमाचाचींनी निरोप पाठवलाय, त्यांच्या विहिरीवरच्या रायवळाच्या काड्याही घेऊन जा, त्याचं खारातलं लोणचं तुमच्यापेक्षा सरस होतं. मी ते खाल्लेलं आहे. खरंच सरस होतं, म्हणून त्याच्याही काड्या नेणार आहे.